बाबांच्या डोळ्याची नस दुबळी झाली आहे, बोटॉक्स घ्यावं की थांबावं?

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६३, जुना मधुमेह) एका सकाळी उठल्यापासून सगळं दोन-दोन दिसायला लागलं. डाव्या डोळ्याची सहावी नस (डोळा कानाकडे वळवणाऱ्या स्नायूची) दुबळी झाली आहे, असं निदान आहे. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. शुगरमुळे नसेचा रक्तपुरवठा कमी पडला असावा, असं न्यूरोलॉजिस्टांचं मत. बहुतेकांचं हे तीन ते सहा महिन्यांत आपोआप भरून येतं, असंही ते म्हणाले.

अडीच महिने होत आले, फरक अगदी थोडा. डोळा नाकाकडे ओढलेलाच असतो. पेपर वाचता येतो, पण लांबचं पाहिलं की दोन. समोरून येणाऱ्या दोन मोटारसायकलींपैकी खरी कुठली तेच कळत नाही, म्हणून एकट्याने रस्ता ओलांडणं बंद केलंय. टीव्हीसमोर मान डावीकडे वळवून बसतात आणि रात्री मान धरते. चष्म्याच्या डाव्या काचेला पांढरी चिकटपट्टी लावली की दुसरं चित्र जातं, पण मग जिना उतरताना पायरीचा अंदाज येत नाही. हे बघवत नाही.

आता तिरळेपणाच्या तज्ज्ञांनी बोटॉक्स सुचवलंय. इंजेक्शन दुबळ्या स्नायूत नाही, तर त्याच डोळ्याच्या नाकाकडच्या चांगल्या स्नायूत देतात. तो सैल पडला की डोळा सरळ यायला मदत होते आणि नस सुधारेपर्यंत तो स्नायू आखडून बसत नाही. परिणाम दोन-तीन दिवसांत सुरू होतो, दोन-तीन महिन्यांनी ओसरतो. पापणी काही काळ खाली येऊ शकते, हे त्यांनी आधीच सांगितलं.

आई मात्र 'सुरकुत्यांचं इंजेक्शन डोळ्यात कशाला' म्हणून घाबरली आहे. खरं तर हे औषध आधी डोळ्यांसाठीच आलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. ॲलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिलं. अमेरिकेत त्याला १९८९ साली तिरळेपणासाठी मंजुरी मिळाली, सुरकुत्यांसाठी २००२ मध्ये. तिला हे सांगितलं, तरी धास्ती जात नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. नस आपोआप सुधारणार असेल तर सुई कशाला, आणि थांबलो नि स्नायू आखडला तर पुढे ऑपरेशन करावं लागेल का? घरात कुणी हे इंजेक्शन घेतलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. भूल नुसत्या थेंबांची होती का? नंतर पापणी किती दिवस खाली राहिली? बाबांना ॲस्पिरिन चालू आहे, तुमच्याकडे ते थांबवायला सांगितलं होतं का? तोवर चष्म्यावर चिकटवायच्या प्रिझमचा (दोन चित्रं एकत्र आणणाऱ्या पातळ पट्टीचा) कुणाला उपयोग झाला का? मेडिक्लेममध्ये हे बसलं का?

इथे कुणी नेत्रतज्ज्ञ असतील तर पुढच्या आठवड्यातल्या भेटीत आम्ही नेमकं काय विचारावं, तेही सांगा. दुसरं मत घ्यायला पुणे-मुंबईला जायची तयारी आहे.