मदत हवी आहे: वापरलेले क्ले बॉल्स पुन्हा वापरण्याआधी नीट कसे स्वच्छ करायचे?

नमस्कार मंडळी,

टोमॅटोचं पीक संपलं, झाडं काढली, आता वापरलेल्या क्ले बॉल्सचे (हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मातीविना पाण्यावर झाडं वाढवताना, मुळांना आधार देणाऱ्या मातीच्या सच्छिद्र गोळ्या) दोन टब उरलेत. एका टबातली मुळं शेवटपर्यंत पांढरीशुभ्र होती. दुसऱ्यातली मात्र तपकिरी, बुळबुळीत झाली आणि पाण्याला कुजकट वास यायला लागला. भट्टीत भाजलेल्या या गोळ्या वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे एका हंगामात फेकायचं जिवावर येतं.

मोठी मुळं ओढून काढली, गोळ्या चाळणीत घेऊन जोरदार धारेखाली धुतल्या. आता पाणी नितळ येतंय. पण एक गोळी फोडून पाहिली तर आतल्या छिद्रांत केसांसारखी बारीक मुळं शिरलेली. वर पांढरट, खरखरीत थर आहे, तो ब्रशनेही निघत नाही. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला की फसफसतं. आणि धुतलेल्या गोळ्या रात्रभर साध्या पाण्यात ठेवल्या की सकाळी पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं मोजमाप) ०.३ वरून ०.९ वर गेलेला असतो.

मला विचारायचंय ते असं. आतली मुळं काढायला काही उपाय आहे का? ब्लीच, पेरॉक्साइड, व्हिनेगर की उकळणं, नक्की काय करू? आणि कुजलेल्या टबातल्या गोळ्या पुन्हा वापरण्यात धोका आहे का?

प्रतिसाद:
तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत, क्षारांचा आणि रोगाचा. एकाच औषधाने दोन्ही सुटणार नाहीत.

फसफसतंय म्हणजे तो थर मुख्यतः चुन्याचा, कार्बोनेटचा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात गोळ्या काही तास बुडवा, मग भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतर साध्या पाण्यात भिजवून रोज पाणी बदला. भिजवलेल्या पाण्याचा ईसी तुमच्या मूळ पाण्याइतका राहिला की क्षार निघाले असं समजा. नुसतं पाणी नितळ दिसण्यावर जाऊ नका, विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत.

मुळांसाठी आधी गोळ्या कडक उन्हात पसरून पूर्ण वाळू द्या. ओली मुळं चिवट असतात, वाळली की चुरा होतो. मग चाळणीत घोळा. आतले काही धागे राहतीलच. निरोगी टबाच्या बाबतीत त्याची काळजी करू नका.

धागाकर्ता:
धन्यवाद, ईसीचा निकष फार उपयोगी आहे. कुजलेल्या टबासाठी थेट ब्लीच वापरू का?

प्रतिसाद:
वर्णनावरून मूळकूज दिसते, बहुधा पिथियम (मुळं कुजवणारा बुरशीसारखा जीव). ब्लीच चालेल, पण आधी वाळवून, घोळून, धुऊन घ्या. कुजलेला सेंद्रिय कचरा शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग, अर्धा तास, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवा आणि वाळवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका भांड्यात नकोत. दोन टप्प्यांच्या मधे स्वच्छ धुणं आणि हवेशीर जागा हवीच.

गोळ्या थोड्या असतील तर मी उकळण्यालाच पहिली पसंती देईन. द्रावण छिद्रांच्या तळापर्यंत पोचेलच असं नाही, उष्णता पोचते. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. ओल्या गोळ्या ओव्हनमध्ये मात्र घालू नका, आत वाफ कोंडून त्या फुटू शकतात.

नेट पॉट (जाळीच्या कुंड्या), पाइप, पंप आणि टाकीही त्याच वेळी निर्जंतुक करा, नाहीतर रोग तिथून परत येईल. धुण्याचं गढूळ पाणी सिंकमध्ये ओतू नका, मातीचा गाळ पाइपात बसतो. आणि या गोळ्यांत आधी लेट्यूसची एक-दोन रोपं स्वतंत्र टाकीवर लावून मुळांचा रंग बघा. मुळं पांढरी राहिली तर मग बाकीच्या झाडांसाठी घ्या.