निर्यात विभागात नव्याने आलेल्याने काय वाचावे?

चाकणकर
नमस्कार. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी उत्पादन नियोजन पाहत होतो. आता निर्यात विभाग माझ्याकडे आला असून जर्मनी व जपानमधील ग्राहकांशी रोजचा पत्रव्यवहार करावा लागतो. यशाचे मंत्र देणारी पुस्तके नकोत. परदेशी व्यापार प्रत्यक्षात कसा चालतो हे समजेल असे काय वाचावे? मराठीत काही असल्यास उत्तमच.

मालधक्का
पुस्तकांकडे वळण्याआधी इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या दोन नियमावल्या वाचा: इन्कोटर्म्स २०२० (माल पोचवण्याच्या अटी) आणि यूसीपी ६०० (एलसीचे, म्हणजे कागदपत्रे बरोबर असल्यास विक्रेत्याला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीचे नियम). इन्कोटर्म्सच्या ११ अटींमध्ये खर्च कोणाचा आणि जोखीम कोणत्या क्षणी ग्राहकाकडे जाते, हे ठरलेले आहे. आपल्याकडे कोटेशनवर सवयीने ‘एफओबी न्हावा शेवा’ लिहिले जाते, म्हणजे त्या बंदरात माल जहाजावर चढवून देण्याची अट. परंतु कंटेनर आपण सीएफएसमध्ये (कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या केंद्रात) किंवा यार्डात सोपवून मोकळे होतो, आणि एफओबीमध्ये तो जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपल्याच माथी राहते. म्हणून कंटेनरच्या मालासाठी एफसीए योग्य; त्यात माल वाहतूकदाराकडे सोपवताच जोखीम ग्राहकाकडे जाते. तरीही एफओबी हटत नाही, याचे एक कारण म्हणजे एलसीमध्ये बहुधा ‘ऑन बोर्ड’ (माल जहाजावर चढला) असा शेरा असलेले बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, मागितलेले असते. २०२० च्या आवृत्तीने ही अडचण ओळखून, ग्राहकाने वाहतूकदाराला तसे बिल विक्रेत्यास देण्याची सूचना करावी, असे एफसीएखालीच ठरवून घेण्याची सोय केली आहे. हा भाग दोनदा वाचावा.

यूसीपी ६०० मध्ये ३९ कलमे आहेत. त्यांतले पाचवे आधी वाचा: बँक कागदपत्रांशी व्यवहार करते, मालाशी नाही. माल कितीही चोख असला तरी कागदात विसंगती निघाली की पैसे अडकू शकतात. चौदाव्या कलमात मुदती आहेत. तपासणीसाठी बँकेला जास्तीत जास्त ५ कामकाजाचे दिवस मिळतात, तर मूळ बिल ऑफ लेडिंगसह कागद सादर करण्यास माल रवाना झाल्यापासून २१ दिवस, अर्थात एलसीची मुदत त्याआधी संपत नसेल तर.

वाचनवेडी
नियम हवेतच, पण केवळ नियम वाचून हा व्यापार असा का घडला ते कळत नाही. त्यासाठी मार्क लेव्हिन्सन यांचे कंटेनरच्या इतिहासावरचे ‘द बॉक्स’ घ्या. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर पडत. या जहाजावर तोच खर्च सुमारे १६ सेंटवर आला. पुस्तकाचा खरा कस मात्र पुढच्या प्रकरणांत लागतो: गोदी कामगारांच्या संघटना, पेटीच्या मापावरून झालेली वर्षानुवर्षांची ओढाताण आणि ओस पडलेले जुने धक्के. थोडे रेंगाळते, पण सोडू नका. मराठीत गिरीश कुबेर यांचे ‘हा तेल नावाचा इतिहास आहे’ वाचा; जहाजभाड्याचे दर आणि तेलाचे राजकारण यांचा संबंध त्यानंतर वेगळा सांगावा लागत नाही.

ऱ्हाईनकाठचा
माझा मुक्काम जर्मनीत असल्याने एक भर घालतो. एरिन मायर यांचे ‘द कल्चर मॅप’ (२०१४) उपयोगी आहे, विशेषतः स्पष्ट बोलणे आणि सूचक बोलणे यांवरील भाग. एखादा देश मोजपट्टीवर कुठे आहे यापेक्षा आपल्या तुलनेत कुठे आहे हे पाहावे, हे त्यांचे म्हणणे मला पटते. तरीही ते वाचून समोरच्याला देशाच्या साच्यात बसवू नये. माझ्या अनुभवात एकाच कंपनीच्या खरेदी आणि गुणवत्ता या दोन विभागांची तऱ्हा देशादेशांइतकी भिन्न असते.

चाकणकर
सर्वांचे आभार. नियमावल्या कोरड्या वाटतील अशी धास्ती आहे. त्या कशा वाचाव्यात?

मालधक्का
आपल्या कार्यालयातील जुन्या एलसीची एक पूर्ण फाइल, शक्यतो बँकेने विसंगती काढून परत पाठवलेली, शेजारी ठेवा. बँकेच्या पत्रातील प्रत्येक आक्षेप कोणत्या कलमाखाली येतो ते शोधा. काही आक्षेप कोणत्याच कलमात बसणार नाहीत. ते वेगळे काढून बँकेतील अधिकाऱ्यांना विचारा.