माटुंग्याची सकाळ

एकांनी लिहिलंय की मुंबईत सकाळी चांगली कॉफी प्यायची तर आता महागड्या साखळी कॅफेंशिवाय पर्याय नाही. मला हे अजिबात पटत नाही. एकदा माटुंग्याला जाऊन बघा.

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनातून पूर्वेला उतरलात की जवळच राम आश्रय हे दक्षिण भारतीय उपाहारगृह आहे, १९३९ पासूनचं. भल्या पहाटे उघडतं. अननसाचा शिरा असेल त्या दिवशी तो सोडू नका, बरोबर उपमा घ्या. किंग्ज सर्कलकडे चालत गेलात तर कॅफे मद्रास. तिथली रसम इडली आणि वर लोण्याचा गोळा असलेला नाचणीचा डोसा माझ्या खास आवडीचे. (सोमवारी बंद असतं, आणि रविवारी नऊनंतर रांग लागते. शक्यतो आठच्या आत पोचा.)

आता कॉफी. फिल्टर कापीची सगळी जादू डिकॉक्शनमध्ये, म्हणजे कॉफीच्या दाट अर्कात आहे. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड दाबून बसवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि अर्क थेंबाथेंबाने खाली उतरेपर्यंत थांबायचं. पुडीत थोडी चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) असली की रंग आणि दाटपणा येतो. मग कडकडीत दूध, आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतून आणलेला फेस. ही कॉफी गरम असतानाच प्यायची, लॅपटॉप उघडून तासभर पुरवायची नाही.

परतताना म्हैसूर कन्सर्न्स या कॉफीच्या दुकानातून ताजी दळलेली पूड घ्या. घरी येईपर्यंत पिशवीला वास लागलेला असतो.