मदत हवी आहे: छोट्या फ्लाइटमध्ये खाण्यापिण्याचं कसं जमवता?

मंडळी, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन जायचंय, फ्लाइट जेमतेम 50 मिनिटांची. आईला डायबेटीस आहे, इन्सुलिन चालू, त्यामुळे खायची वेळ चुकवून चालत नाही. मागच्या वेळी वाटलं काहीतरी देतीलच, तर सर्व्हिसच नाही, ट्रॉली आलीच नाही, पाणी मागितलं तर सीटबेल्टचा लाइट लागला म्हणून क्रू पण बसलेले. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, वर जाताना आणि उतरताना त्यांना बसावंच लागतं, मधे मिळतात किती मिनिटं!

आता माझे प्रश्न. घरचं कोरडं खाणं सिक्युरिटीत अडवत नाहीत ना? बाटली रिकामी नेऊन आत भरायची हे माहितीये, पण शुगर लो झाली तर लागणारा ज्यूस 100 मिलीपेक्षा जास्त असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून चालतं का, की ग्लुकोजच्या गोळ्याच बऱ्या? आणि इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवायचं ना, कारण चेक-इन बॅगेत ते गोठू शकतं असं ऐकलंय. बुकिंगमध्ये डायबेटिक मील टाकलं तर एवढ्या छोट्या फ्लाइटला खरंच मिळतं का? कोणी नुकतंच गेलं असेल तर प्लीज सांगा.