स्लॅगला मराठीत काय म्हणावं? (आणि व्हिलाला?)

रानवाट: एका लेखाचं भाषांतर करतोय. इंग्लंडात सेव्हर्न खाडीच्या काठी वूलॅस्टन इथे चेस्टर्स नावाचा रोमन व्हिला, म्हणजे शेतजमिनीसह मोठं घर, आहे. १९८७ ते १९९१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि व्हिलाच्या आवारातच लोखंड गाळत असल्याचे पुरावे मिळाले. लेखात पानोपानी 'स्लॅग', म्हणजे लोखंड गाळताना-घडवताना उरणारं कीट. मी कोशातला 'धातुमळ' लिहिला, तर संपादिकाबाई म्हणाल्या, "कानातला मळ आठवतो." आणि व्हिलाला काय, बंगला?

चिंचगूळ: 'मंडूर' आहे की! आमच्या वैद्यांचं म्हणणं, शंभर वर्षं जुनं लोहकीट उत्तम, ऐंशीचं मध्यम, साठचं कनिष्ठ. तुमचं तर दीड हजाराच्या वर गेलंय, भस्माला एक नंबर.

व्युत्पन्न: मंडूर औषधाच्या बाटलीत राहू द्या. 'धातुमळ' हाच शास्त्रीय शब्द. वापरल्याशिवाय रुजणार कसा?

आडगावकर: मळ म्हणजे टाकाऊ. हा व्हिला ज्या भागात आहे, त्याच डीनच्या जंगलातला रोमन स्लॅग सतराव्या शतकात लोकांनी उकरून झोतभट्टीत पुन्हा गाळला, इतकं लोखंड त्यात शिल्लक होतं. मग मळ कसला?

भातावाला: आधी हे बघा की स्लॅग एकाच जातीचा नसतो. लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, त्या मातीच्या भट्ट्यांत तेवढी धग नव्हती. खनिजातला दगडी भाग थोडं लोखंड सोबत घेऊन साधारण १२०० अंशांना पातळ होतो आणि खालच्या भोकातून बाहेर ओघळतो. थिजला की वर दोरखंडासारख्या वळ्या दिसतात. लोखंड आत जाळीदार गोळा होऊन बसतं, ते घणाने ठोकून काढायचं. दुसरा प्रकार लोहाराच्या भट्टीच्या बुडाशी साचतो, खालून वाटीसारखा फुगीर. वळ्यांचा सापडला तर तिथे खनिजापासून लोखंड निघत होतं. नुसता वाटीचा सापडला तर नांगराचे फाळ शेवटणारा लोहार होता, एवढंच. तो कुठल्याही शेतीवाडीवर असायचा. दोन्हींना 'धातुमळ' लिहिलंत तर लेखातला मुद्दाच गेला. मी 'ओघळकीट' आणि 'बुडकीट' म्हणेन. घणाखाली उडणारे खवले वेगळेच, ते मातीत चुंबक फिरवून गोळा करतात.

व्युत्पन्न: 'बुडकीट' हा शब्द आहे का कुठल्या कोशात?

भातावाला: आता आहे.

रानवाट: आभार! त्या जाळीदार गोळ्याला, 'ब्लूम'ला, 'लोहपिंड' चालेल?

चिंचगूळ: पिंड म्हटलं की दहावा दिवस आणि कावळे. गोळाच म्हणा.

माडांचीसावली: व्हिला = भाट. आमच्या गोव्यात भाटकाराचं (जमीनदाराचं) घर, माड, मुंडकार (त्याच्या जमिनीत राहणारी कुळं), सगळं त्या एका शब्दात येतं. बंगला म्हणजे नुसतं घर झालं.

आडगावकर: देशावर 'भाट' म्हणजे राजाची स्तुती गाणारा. रोमन भाटाने लोखंड गाळलं असं वाचायचं का? 'वाडा' घ्या.

माडांचीसावली: वाड्याला जमीन कुठे असते?

लेकसाइड: लोणावळ्यात सगळे व्हिलाच म्हणतात. शनिवार-रविवार भाड्याने मिळतो.

सह्यकडा: लोखंड गाळण्यावर एवढं बोलणं झालं आणि धावडांचं नाव नाही? महाबळेश्वरच्या बाजूला त्यांचा हाच धंदा होता. शब्द त्यांच्याकडे शोधा. धावड्याच्या लाकडाचा कोळसा वापरायचे म्हणून धावड.

व्युत्पन्न: झाडावरून नव्हे. 'धातु'वरून.

सह्यकडा: मग साताऱ्याजवळच्या धावडशी गावाचं नाव कशावरून?

चिंचगूळ: ब्रह्मेंद्रस्वामींची धावडशी? तिथे भट्ट्या होत्या?

रानवाट: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. व्हिलाचं काय करू?

सह्यकडा: धावडशीला भट्ट्या होत्या असं मी म्हटलंच नाही, नावाबद्दल बोलतोय. आणि 'धातु'चं 'धाव' कसं होतं ते व्युत्पन्न यांनी एकदा पायरीपायरीने दाखवावं.

व्युत्पन्न: दाखवतो. संध्याकाळी सविस्तर लिहितो.