धरणाचं लायसन्स रिन्यू होतंय, आपल्यासारख्यांनी नक्की काय करायचं?

काठावरचा: इथे अमेरिकेत आमच्या घराजवळ एक जुनं जलविद्युत धरण आहे, पाणी कालव्यातून पॉवरहाऊसला नेतात त्यामुळे धरणाखालचं मूळ पात्र उन्हाळ्यात नुसते दगड, आणि आम्ही दर वर्षी ते बघतो नि जीव तुटतो. आता लायसन्स संपायला आलंय, फर्कची (केंद्रातलं ऊर्जा नियामक आयोग) नोटीस आलीये, स्कोपिंग मीटिंग (कोणत्या मुद्द्यांचा अभ्यास करायचा ते ठरवायची बैठक) आहे म्हणे. नवीन लायसन्स ३० ते ५० वर्षांचं असतं, म्हणजे माझी मुलगी म्हातारी होईल तोवर हेच चालणार. मागे दुसऱ्या एका सुनावणीला तीन मिनिटं बोललो, त्यांनी लिहून घेतलं, पुढे काहीच नाही. जाऊन उपयोग होतो का?

पाणथळ: जा, नक्की जा, पण बोलून थांबू नका. नोटिशीपासून ६० दिवसांत लेखी 'स्टडी रिक्वेस्ट' (अमुक गोष्टीचा अभ्यास करा अशी मागणी) देता येते, खरा जोर तिथे आहे. "पाणी कमी आहे" एवढं लिहिलंत तर बाजूला पडेल. कोणत्या महिन्यात, पात्राच्या कोणत्या भागात, धरण चालवण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध काय, अभ्यास कसा करायचा, खर्च साधारण किती, असे सात निकष आहेत, ते एकेक धरून लिहा. कारण नंतर सगळे आकडे ह्या अभ्यासांतूनच येतात, जे मोजलंच नाही त्यावर पुढे भांडता येत नाही. तुमचे दर वर्षीचे फोटो तारखेसकट जोडा, ते सोन्यासारखे आहेत.

मासेवाली: आणि इंटरव्हीन करा!! कॉमेंट देणं वेगळं, इंटरव्हीनर होणं वेगळं. इंटरव्हीनर म्हणजे तुम्ही केसमधले पक्षकार, लायसन्स चुकीचं वाटलं तर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते आणि मग कोर्टात जाता येतं, नुसती कॉमेंट देणाऱ्याला ते जमत नाही. सस्क्वेहाना नदीवरच्या कोनोविंगो धरणाला २०२१ मध्ये ५० वर्षांचं लायसन्स मिळालं होतं, नदीसाठी काम करणाऱ्या संस्था कोर्टात गेल्या आणि २०२२ च्या डिसेंबरात ते रद्द झालं. मुद्दा असा की मेरीलँड राज्याने आधी पाण्याच्या दर्जाचं सर्टिफिकेट अटींसकट दिलं आणि नंतर कंपनीशी तडजोड करून सर्टिफिकेट देण्याचा आपला हक्कच सोडला, कोर्ट म्हणालं असं सोडता येत नाही. म्हणून राज्याच्या त्या सर्टिफिकेटची सुनावणी कधी आहे तेही विचारा, क्लीन वॉटर ॲक्टचं कलम ४०१. तिथे राज्याने घातलेली अट फर्कला लायसन्समध्ये घ्यावीच लागते.

जुना इंजिनीअर: मी अशाच प्लांटवर काम केलंय. धरण पाडा अशी मागणी लगेच करू नका असं माझं मत, ही वीज पण लागते. किमान प्रवाह मागा, माशांना धरण ओलांडून वर जायला शिडी मागा. १९८६ पासून कायद्यातच आहे की वीज आणि मासे-वन्यजीव-करमणूक ह्यांचा सारखाच विचार करायचा.

मासेवाली: काका, पण कधीकधी पाडणंच बरोबर असतं. मेन राज्यात केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण १८३७ चं, वीज जेमतेम साडेतीन मेगावॅट. १९९७ मध्ये फर्कने लायसन्स नाकारलं, १९९९ मध्ये ते पाडलं आणि समुद्रातून येणारे मासे परत वर चढायला लागले.

काठावरचा: खूप आभार सगळ्यांचे. प्रोजेक्ट नंबर टाकून ई-सबस्क्रिप्शन घेतलं, आता प्रत्येक कागद मेलवर येईल. आज रात्री फोटो तारखेप्रमाणे लावतो. मासेवाली, इंटरव्हीन करायची मुदत कंपनीचा लायसन्सचा अर्ज दाखल झाल्यावरच्या नोटिशीत असते ना? म्हणजे आत्ता लगेच नाही?

मासेवाली: हो, ती नोटीस वेगळी येईल. पण त्यात छापलेली तारीख चुकवू नका.