शब्दचर्चा : शर्यतीतला गडी आणि त्याचे स्त्रीलिंग

रत्नागिरीकर :

आमच्या गावच्या वाचनालयात दर पंधरवड्याला मी एक भित्तिपत्रक लावतो आणि त्यात स्त्रियांच्या व्यावसायिक सायकल शर्यतींची हकीकत लिहितो. जानेवारीत ऑस्ट्रेलियात उघडणारा हा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या एकदिवसीय शर्यतींतून जातो, पुढे टप्प्यांच्या मोठ्या शर्यतींवर येतो आणि ऑक्टोबरात चीनमध्ये संपतो. ‘हंगाम’ या शब्दाविषयी माझी काही तक्रार नाही. जो शब्द आंब्याला आणि मासेमारीला चालतो, तो सायकलीलाही चालतो. गंमत एवढीच, की २०२५ ची टूर द फ्रान्स फाम, म्हणजे स्त्रियांची टूर द फ्रान्स, २६ जुलैला सुरू झाली, तेव्हा आपल्या बंदरांतल्या होड्या बंदी उठायची वाट पाहत झापांखाली झाकलेल्या होत्या.

माझे घोडे अडले आहे ते ‘दोमेस्तिक’ या फ्रेंच शब्दापाशी. संघातली एक जण जिंकावी म्हणून बाकीच्या ज्या राबतात, त्यांना हे नाव आहे. वाऱ्याला सामोरे जाऊन मागचीला आडोसा देणे, संघाच्या मोटारीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत खोचून पुन्हा पुढे येणे, म्होरकीचे चाक पंक्चर झाले तर आपले काढून देणे, आणि हे सगळे करून स्वतः चाळिसाव्या किंवा नव्वदाव्या क्रमांकावर शर्यत संपवणे, असे हे काम आहे. मागच्या पत्रकात मी ‘सहायक सायकलपटू’ असे लिहिले होते. ते वाचून माझ्या भाचीने विचारले, “मामा, सहायक म्हणजे सायकल दुरुस्त करणारी का?” प्रश्न रास्त होता, कारण ‘सहायक’ या शब्दाला घामाचा वास नाही, तो कचेरीतल्या टेबलामागे बसणारा शब्द आहे.

दोमेस्तिकचा सरळ मराठी अर्थ ‘घरगडी’ असा होतो. १९११ साली टूर द फ्रान्सचे संस्थापक आन्री देग्रांज यांनी मोरिस ब्रोको या स्पर्धकाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरला, असे सांगतात; म्हणजे शर्यतीच्या भाषेत तो शिवी म्हणूनच शिरला आणि पुढे कामाचे नाव होऊन बसला. मराठीत मात्र आपल्या हाती एक तयार शब्द आहे, ज्यात चाकरी आणि खेळ हे दोन्ही अर्थ पूर्वीपासून सुखाने नांदतात, आणि तो म्हणजे ‘गडी’. शेतावर राबतो तो गडी आणि हुतूतूत बाद होतो तोही गडीच. मुले खेळायला जमली की आधी गडी वाटून घेतात. टूर द फ्रान्स फाममध्ये २०२३ पासून एका संघात सात जणी असतात, आणि कबड्डीतही मैदानात सातच गडी उतरतात, या योगायोगाने तर मला हा शब्द फारच भावला.

प्रश्न लिंगाचा आहे. ‘गडीमाणूस’ म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो. ‘मोलकरीण’ लिहिणे शक्य नाही, ‘सेविका’ म्हटले की वेगळेच काही मनात येते. जाणकारांनी मत द्यावे. जाता जाता आणखी एक विचारतो : पॅरिस-रूबे शर्यतीतल्या दगडी रस्त्यांना ‘पाखाडी’ म्हटलेले चालेल का?

गुहागरकर :

आपण जो शब्द शोधत आहात तो आपल्या आज्यांच्या तोंडी होता. ‘गडणी’ हा शब्द जुन्या कवितेत आणि बायकांच्या गाण्यांत मैत्रीण, सोबतीण या अर्थाने येतो. त्यात चाकरीचा अर्थ नाही, सोबतीचा आहे. पण ‘गडी’च्या शेजारी ठेवला की तो अर्थ आपोआप त्याच्याकडे झिरपेल, असे मला वाटते. शब्द असेच शेजाराने शिकतात.

पाखाडीबाबत मात्र माझी हरकत आहे. आमच्याकडे पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाने बांधलेली गावातली वाट, आणि बहुतेक ठिकाणी तिला पायऱ्या असतात. शिवाय कित्येक गावांत पाखाडी हे वस्तीचेच नाव आहे. उत्तर फ्रान्समधले ते रस्ते शेतांमधून जाणारे, सपाट आणि उखणलेले आहेत. २ ऑक्टोबर २०२१ रोजी स्त्रियांची पॅरिस-रूबे पहिल्यांदा झाली, पुरुषांची सुरू झाल्यानंतर तब्बल १२५ वर्षांनी, तेव्हा सुमारे ११६ किलोमीटरच्या वाटेत अशा दगडांचे १७ पट्टे होते आणि त्यांची एकूण लांबी २९ किलोमीटरांहून थोडी अधिक होती. पावसाने चिखल झालेला. ती शर्यत जिंकणारी लिझी डेगनन शेवटचे सुमारे ८२ किलोमीटर एकटी चालवत आली आणि तिने हातमोजे घातले नसल्याने हँडलच्या पट्टीला रक्त लागलेले होते. त्या रस्त्याला पाखाडी म्हटले, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जास्वंदीच्या कुंपणांमधून देवळाकडे जाणारी गार वाट येईल आणि रक्ताचा काही उलगडा होणार नाही. सरळ ‘दगडी पट्टा’ म्हणावे.

आपला कोकणी शब्द खर्चायचाच असेल, तर तो बेल्जियममधल्या मूर द हुईसाठी खर्चावा. ‘मूर’ म्हणजे भिंत. ती चढण जेमतेम १.३ किलोमीटरची आहे, पण सरासरी चढ नऊ टक्क्यांच्या वर आहे आणि फ्लेश वालोन ही शर्यत तिच्या माथ्यावर संपते. ॲना व्हान डर ब्रेगेनने ती २०१५ ते २०२१ अशी सलग सात वर्षे जिंकली. लांबलचक आल्प्सच्या चढणीला घाट म्हणावे आणि अशा आखूड, छातीवर येणाऱ्या चढणीला ‘घाटी’. (देशावरच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये; आमच्या गावात तळीकडून वरच्या वाडीला जाणारी जी खडी वाट आहे, तिला घाटीच म्हणतात.)

मालवणकर :

‘गडी’ आणि ‘गडणी’ यांच्या मागे धावण्याचे कारण मला दिसत नाही, कारण ‘भिडू’ हा शब्द हयात आहे. “ती माझी भिडू” असे मुली आजही म्हणतात आणि त्यात लिंगाचा प्रश्न येत नाही.

दुसरे, आडोशाचा उल्लेख आपण केला आहे, पण वारा समोरूनच येतो असे नाही. आडवा वारा आला की शर्यत फुटते, कारण तेव्हा आडोसा मागे नसतो, तर तिरपा मागे असतो. प्रत्येक जण पुढचीच्या खांद्याआड जाते आणि रस्त्यावर तिरपी रांग तयार होते. या रांगेला डच लोक पंखा म्हणतात. मराठीत ‘विंझणा’ असा सुरेख शब्द आहे, परंतु तो लिहिला तर समजावण्यात अर्धे भित्तिपत्रक संपेल, म्हणून मी ‘तिरपी रांग’ सुचवतो. दुपारचा खारा वारा अंगावर घेत किनाऱ्याच्या रस्त्याने ज्यांनी सायकल चालवली आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

रत्नागिरीकर :

मालवणकरांचे म्हणणे अनुभवाला धरून आहे. आरे-वारेवरून गणपतीपुळ्याकडे जाताना समुद्र डावीकडे असतो, त्यामुळे दुपारी भाची माझ्या उजव्या खांद्याआड येते. परतताना तोच वारा उजवीकडून लागतो, तिला डावीकडे यावे लागते, आणि तिसरे कोणी सोबत असेल तर त्याच्या वाट्याला डांबर उरतच नाही. तो कडेच्या वाळूत. मोठ्या शर्यतीत दीडशे जणींमधल्या जवळजवळ सव्वाशे जणींचे आडव्या वाऱ्यात हेच होते, फक्त ताशी ४५ किलोमीटर वेगाने. ‘तिरपी रांग’ मी स्वीकारली.

भिडूबाबत मात्र सहमत होता येत नाही. भिडू बरोबरीचा असतो. डाव जिंकला तर दोघांचा जिंकतो. इथे जिंकते ती एकच, आणि व्यासपीठावर नाव तिचेच लागते. २०२४ च्या टूर द फ्रान्स फामचा पाचवा टप्पा आठवावा. आमनेव्हिलला पोहोचायला काही किलोमीटर उरले असताना पिवळ्या जर्सीतली, म्हणजे एकूण वेळेत तोवर पहिली असलेली, डेमी व्होलरिंग पडली, आणि तो टप्पा जिंकला तिच्याच संघातल्या ब्लांका वॉशने. पिवळी जर्सी पोलंडच्या कासिया निएव्यादोमाकडे गेली. त्यानंतर जो गदारोळ झाला तो असा, की म्होरकी पडली तेव्हा तिला आणायला पुरेशा जणी थांबल्या का नाहीत. दोघी भिडू असत्या, तर असा प्रश्न कोणी विचारलाच नसता. गड्याला मात्र तो विचारतात. शब्द निवडताना हा अप्रिय भाग झाकून टाकणे मला योग्य वाटत नाही.

त्याच वेळी गडी म्हणजे कमी कुवतीची, असेही नाही. मरियाने व्होस रस्त्यावरच्या शर्यतीची तीनदा जागतिक विजेती आणि २०१२ ची ऑलिंपिक विजेती. २०२५ च्या टूरचा पहिलाच टप्पा तिने जिंकला, आणि तरी तिच्या संघाने ती शर्यत पोलीन फेरां-प्रेव्होसाठी आखली आणि फेरां-प्रेव्होच जिंकली. व्होसला ‘सहायक’ म्हणायला माझी लेखणी धजत नाही. ‘गडी’ म्हणायला धजते.

२०२४ च्याच शर्यतीमुळे आणखी एक शब्द मला बदलावा लागला. शेवटच्या दिवशी आल्प द्युएझच्या घाटावर संपणारा टप्पा सुरू झाला, तेव्हा व्होलरिंग एकूण वेळेत निएव्यादोमाच्या १ मिनिट १५ सेकंदांनी मागे होती. टप्पा तिने जिंकला, निएव्यादोमा तिच्यानंतर १ मिनिट १ सेकंदाने आली, आणि पहिल्या क्रमांकाचे १० सेकंद व्होलरिंगला मिळाले. मी ‘बोनस १० सेकंद’ असे लिहिले होते, आणि वाचनालयातल्या निवृत्त गुरुजींनी ते दहा सेकंद तिच्या वेळेत मिळवून हिशेब चुकल्याचे मला दाखवले. चूक त्यांची नव्हती, कारण बोनस म्हटला की तो भरच घालतो. इथे सेकंद वजा होतात, म्हणून ‘वजावट’ हाच शब्द बरोबर आहे. ७५ मधून ६१ गेले, १० ची वजावट झाली, उरले ४. चार सेकंदांनी ती टूर निएव्यादोमाने जिंकली. पुरुषांच्या टूरमध्येही इतका निसटता निकाल कधी लागलेला नाही, तिथला सर्वांत कमी फरक १९८९ मधला ८ सेकंदांचा आहे.

चिपळूणकर :

‘पेलोतोन’ला, म्हणजे शर्यतीतल्या मुख्य घोळक्याला, काय म्हणता हे आपण लिहिले नाही. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ दोऱ्याचा लहान गुंडा असा आहे. त्यावरून सैनिकांची तुकडी झाली आणि त्यातूनच इंग्रजीतला प्लाटून निघाला. आपली ‘पलटण’ प्लाटूनवरून आली की बटालियनवरून, यावर कोशकारांचे एकमत नाही, पण पहिला पक्ष खरा धरला तर पेलोतोनचे नातलग दोनशे वर्षांपासून आपल्याच घरात राहत आहेत. ‘गुंडा’ लिहायचा मोह मात्र टाळावा.

संगमेश्वरकर :

चर्चा पुढे गेली आहे, तरी एक पुरवणी. घाटाच्या टप्प्यात मागे पडलेल्या सगळ्या जणी एकत्र येऊन वेळमर्यादेच्या आत पोहोचतील अशा बेताने चढतात, त्या जथ्याला फ्रेंच लोक ‘ओतोब्यूस’, म्हणजे बस म्हणतात. आपल्याकडे याला ‘वस्तीची गाडी’ म्हणावे. सर्वांत उशिरा येते, सगळ्यांना घेऊन येते, आणि ती येईपर्यंत गावाला झोप नसते.

दापोलीकर :

भित्तिपत्रक मी वाचले आहे. मागच्या महिन्यात रत्नागिरीस आले होते तेव्हा. त्यात एका वाक्याला मी अडखळले, आणि इथे कोणीही ते काढले नाही म्हणून लिहिते. शर्यतीत पुढे राहून वारा झेलण्याच्या प्रत्येकीच्या वेळेला आपण ‘पाळी’ म्हटले आहे, आणि “तिने आपली पाळी टाळली”, “पाळी आल्यावर ती मागे सरकली” अशी वाक्ये लिहिली आहेत. पुरुषांच्या शर्यतीत ती खपून गेली असती. वाचनालयातल्या मुली काय म्हणून हसत होत्या, हे आपल्याला बहुधा कोणी सांगितले नसेल. मला पाळी या शब्दाचा संकोच नाही, उलट या खेळाडूंना खरी पाळीही सांभाळून शर्यती कराव्या लागतात, आणि तो विषय लिहिण्याजोगा आहे. म्हणूनच दोन्हींची गल्लत नको. पुढे राहण्याच्या वेळेला ‘खेप’ म्हणावे. डोक्यावरून पाणी आणि लाकूड आणणाऱ्या बायका खेपाच मोजत असत.

रत्नागिरीकर :

आपले आभार. भाचीला विचारले, तेव्हा तिने मान खाली घालून “हो मामा, आम्हाला कळत होते,” एवढेच सांगितले. काल वाचनालयात जाऊन पाचही ठिकाणी ‘पाळी’वर ‘खेप’च्या चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘तिरपी रांग’, ‘वजावट’, ‘घाटी’ आणि ‘दगडी पट्टा’ पुढच्या पत्रकात जातील, ‘पलटण’ही जाईल. ‘गडी’ सध्या स्त्रियांनाही पुल्लिंगीच चालवतो आहे, म्हणजे “व्होस हा संघातला सर्वांत अनुभवी गडी” असे लिहिले आहे. ‘गडणी’ एकदाच, अवतरणचिन्हांत लिहिला आहे आणि खाली अर्थ दिला आहे. तो कोणी बोलताना वापरला तर अवतरणचिन्हे काढीन.